मरियेची साडी आणि ख्रिस्ताचे काटे

१४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. त्यात कशाकशाची मनाई होती ते वाचले, की हे धर्मपीठाचे फर्मान आहे की एखाद्या खाष्ट सासूची यादी, असा प्रश्न पडतो. लग्नात ओव्या गायच्या नाहीत. नवरानवरीला हळद लावायची नाही. कुणाच्या घरी विडा-सुपारी धाडायची नाही. मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. दारात तुळस लावायची नाही. ख्रिस्ती पुरुषाने पुडवें नेसायचे नाही आणि ख्रिस्ती बाईने चोळी घालायची नाही. श्रद्धा मनात असते, पण ती तपासायची तर स्वयंपाकघरात आणि कपड्यांत, हे इन्क्विझिशनला पक्के ठाऊक होते.

इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. फर्मानातली कलमे कुणाच्या तोंडपाठ राहिली नाहीत, पण त्यांनी लावलेले वळण राहिले. मोठ्या घरातल्या कॅथलिक बायका झग्यात चर्चला जाऊ लागल्या, पुरुष सुटाबुटात. साडी नेसणारी बाई म्हणजे एक तर हिंदू, नाहीतर शेतात राबणारी कुणबीण किंवा गावडीण. या कष्टकरी ख्रिस्ती बायकांनी आपले कापड कधी सोडलेच नव्हते, पण चर्चच्या भिंतीवर कुणाचे चित्र लागावे हे ठरवणाऱ्यांत त्या नव्हत्या. घराघरांतल्या वेदीवर युरोपात छापलेली चित्रे असत. त्यांतली मरिया गोरी, निळ्या झग्यातली. येशूचे केस पिंगट. पॅलेस्टाइनच्या सुताराचा मुलगा इतका गोरा कसा, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो तसाच पाहायची डोळ्यांना सवय झाली होती.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात एका गोवेकर कॅथलिक चित्रकाराने मरियेला साडी नेसवली, डोक्यावर पदर दिला आणि तिचा वर्ण गव्हाळ केला, तेव्हा जे वादळ उठले त्याच्या मुळाशी ही दोनशे वर्षे होती.

खरे तर शब्दांत हे काम फार आधी होऊन गेले होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्याने आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा पुराणाच्या ढंगात सांगितली आणि गोव्याच्या चर्चांतून ती वाचली गेली. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हाच प्रवाह अभंग आणि कीर्तनातून पुढे नेला. मग चित्रकला मागे का राहिली? माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधे आहे. उपदेश करायचा तर लोकांची भाषा वापरावीच लागे. तिथे पर्याय नव्हता. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरी ती पुरती मोडली नाही. मूर्ती आणि चित्र यांची गोष्ट वेगळी. ती राज्यकर्त्याच्या नजरेसमोर, वेदीवर उभी असतात. तिथे रोम आणि लिस्बनचाच नमुना चालणार. ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत, असे ठराव सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या धर्मसभांनी केले. ते पुन्हा पुन्हा करावे लागले, यावरूनच ते किती पाळले गेले हे कळते. सतराव्या शतकातल्या गोव्याच्या हस्तिदंती ‘बालमेंढपाळ’ मूर्ती पाहा. डोंगरावर बसलेला बाळ येशू, गालाला हात, अर्धे मिटलेले डोळे, पायाशी मेंढरे. ध्यानस्थ बुद्ध आणि गाई राखणारा कृष्ण, दोघेही त्या कारागिराच्या हातात मुरलेले होते. पण अशी मूर्ती घडवणाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. जाणूनबुजून, स्वतःच्या नावानिशी आणि श्रद्धेपोटी बायबल भारतीय रंगरेषेत आणणारा चित्रकार यायला विसावे शतक उजाडावे लागले.

आंजेलो दा फोन्सेका १९०२ साली मांडवीच्या पात्रातल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्मला. हे बेट गावकऱ्यांचे जुवें. घर खानदानी, कॅथलिक, मुलाबाळांनी भरलेले. अशा घरातल्या मुलाने डॉक्टर व्हावे किंवा वकील, फार तर पाद्री. आंजेलोने मुंबईत डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. मग तो जे. जे. कलाशाळेत आला. तिथे कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन संचालक होते. त्यांच्या काळात शाळेत भारतीय भित्तिचित्रांचा वर्ग जोरात होता, पण पाया युरोपीय पद्धतीच्या हुबेहूब चित्रणाचा आणि समोर मॉडेल बसवून केलेल्या अभ्यासाचा. ज्या डोळ्यांच्या सवयीपासून सुटायचे तीच सवय इथेही घोटून घेतली जात होती. फोन्सेकांनी जे. जे.ही सोडली आणि थेट बंगाल गाठला.

शांतिनिकेतनात तेव्हा नंदलाल बोस शिकवत होते आणि त्यांचे गुरू अवनींद्रनाथ ठाकूर यांचा शब्द अखेरचा मानला जात होता. फोन्सेकांना दोघांचाही सहवास लाभला. ब्राह्मो वळणाच्या या आश्रमात १९१० पासून दर नाताळात ख्रिस्तोत्सव होत असे. तिथल्या मंडळींना येशू परका नव्हता. परके होते ते त्याच्यावर चढवलेले युरोपीय कपडे. अवनींद्रनाथांनी या गोवेकर विद्यार्थ्याला, परत जा आणि तुझ्या गावची चर्चे रंगव, असे सांगितल्याची आठवण सांगतात. गुरूची आज्ञा सोपी होती. गोवा सोपा नव्हता.

फोन्सेकांनी बंगालमधून आणलेले सर्वांत मोलाचे सामान म्हणजे ‘वॉश’ची पद्धत. १९०३च्या सुमारास ताइकान आणि शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यात आले, त्यांच्या कामावरून अवनींद्रनाथांनी ती घडवली. कागदावर जलरंगाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. सुटा रंग निघून जातो आणि कागदाच्या धाग्यांत शिरलेला तेवढा उरतो. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे बऱ्याचदा झाले की रंगाला कडा उरत नाही; आकृती धुक्यातून वर येते तशी दिसते आणि उजेड बाहेरून न पडता कागदातूनच झिरपतो. युरोपीय धर्मचित्रात उजेड वरून, ढग फाडून येतो. फोन्सेकांच्या चित्रातल्या देवदूताला त्याची गरजच पडत नाही. पद्धतीत भक्ती आपोआप येते असे मुळीच नाही. बंगालच्या या धुक्यात बरेच दुबळे चित्रकार हरवून गेले. पण फोन्सेकांची रेषा घट्ट होती, आणि मरियेला देवदूताचा निरोप मिळतो तो क्षण, किंवा बाळाला घेऊन तिघे इजिप्तकडे पळतात ती रात्र, असल्या प्रसंगांना ही संथ पद्धत मानवली.

१९३०च्या दशकाच्या आरंभी ते गोव्यात परतले. हा मुहूर्त वाईट होता. पोर्तुगालमध्ये सालाझारची पकड आवळत होती. १९३०च्या वसाहत कायद्याने गोवेकरांना त्यांची पायरी कायद्यातच लिहून दाखवली होती, आणि आपण युरोपीय संस्कृतीचे आहोत हा दावा तिथल्या उच्चभ्रू कॅथलिकांना आता आणखीच जपावा लागत होता. अशा वेळी त्यांच्याच थरातला एक तरुण मरियेला चोळी-साडीत, पायांत काही न घालता, जमिनीवर बसवतो! पाद्री बिथरले. वृत्तपत्रांतून टीका झाली. हा पाखंड आहे, ही मरियेची विटंबना आहे, असा सूर निघाला. आपल्या चित्रांना इथे भिंत मिळणार नाही हे कळायला फोन्सेकांना वेळ लागला नाही. त्यांनी गोवा सोडला आणि पुण्याला आले.

त्यांना आसरा मिळाला तो एका अँग्लिकन आश्रमात, आणि ही या कहाणीतली मला सर्वांत गमतीची गाठ वाटते. जॅक विन्स्लो हे अहमदनगर भागात काम करणारे इंग्रज मिशनरी. नारायण वामन टिळकांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. १९२३ साली त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. टिळकांनी अखेरच्या काळात मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला होता: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त एकत्र. १९१९ साली टिळक गेले. त्यांच्या कल्पनेतला आश्रम विन्स्लोंनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ या नावाने सुरू केला. काही वर्षांनी तो पुण्यात शिवाजीनगरला आला. तिथले इंग्रज बंधू खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून शाकाहारी जेवत, भजने म्हणत. गांधींबद्दल त्यांना वाटणारी आपुलकी सरकारला खुपत असे. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच आश्रमात.

म्हणजे रोमन कॅथलिक गोवेकराला त्याच्या कॅथलिक गोव्याने जागा दिली नाही, आणि ती दिली प्रॉटेस्टंट इंग्रजांनी, एका चित्पावन ब्राह्मणाच्या ख्रिस्ती स्वप्नातून उभ्या राहिलेल्या घरात. त्या काळच्या कॅथलिक नियमांनुसार प्रॉटेस्टंटांच्या उपासनेत भाग घेण्याचीही मुभा नव्हती. फोन्सेका अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले. आश्रमात राहून चित्रे काढत राहिले. १९३४ साली विन्स्लो इंग्लंडला परतले, बंधूंची पांगापांग झाली, तरी पुणे फोन्सेकांचेच झाले.

रोमचा वारा मात्र तोवर फिरला होता. पहिल्या महायुद्धाने युरोपची नैतिक पत घसरवली होती. आशियातली राष्ट्रे जागी होत होती. ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्यांचा धर्म, हे समीकरण असेच राहिले तर साम्राज्यांबरोबर चर्चही गुंडाळले जाईल, ही भीती व्हॅटिकनला पडली. १९१९ आणि १९२६ साली दोन पोपांनी पत्रके काढून स्थानिक पाद्री तयार करण्यावर भर दिला. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी असलेल्या चेल्सो कोस्तांतिनी यांनी चिनी चित्रकारांना चिनी पद्धतीने बायबल रंगवायला लावले. १९३५ पासून रोममधल्या धर्मप्रसार खात्याचे सचिव म्हणून हाच आग्रह त्यांनी जगभरच्या मिशनांकडे धरला. गोव्याला तो फारसा लागू झाला नाही, कारण तिथल्या चर्चची नाळ ‘पाद्रोआदो’ या राजाश्रयाच्या जुन्या हक्कामुळे पोर्तुगालच्या सत्तेशी बांधलेली होती आणि रोमच्या धर्मप्रसार खात्याशी तिचे जुने वाकडे होते. एकाच पोपच्या छत्राखाली एक हात देशी कलेला जवळ करीत होता आणि दुसरा तिला हुसकून लावत होता.

मुंबईत या नव्या विचाराचा खंदा पुरस्कर्ता होता एक स्पॅनिश जेझुइट. फादर हेन्री हेरास १९२२ साली भारतात आले, सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवू लागले आणि १९२६ साली त्यांनी इतिहास संशोधन संस्था काढली. ती आज त्यांच्याच नावाने चालते. सिंधू लिपी उलगडण्याच्या खटाटोपासाठी ते जास्त माहीत आहेत. पण भारतीय शैलीतल्या ख्रिस्ती कलेसाठी त्यांनी केलेली खटपट माझ्या मते त्याहून टिकाऊ ठरली. फोन्सेकांना त्यांनी उचलून धरले, विषय सुचवले, चित्रे जमवली. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल फ्लेमिंग यांनी आशिया-आफ्रिकेतल्या ख्रिस्ती चित्रांचा संग्रह छापला, त्यात भारतीय कामेही होती. गोव्याने जे झिडकारले ते असे अमेरिकेतल्या वाचकांपर्यंत पोचले.

फोन्सेका एकटे नव्हते. लखनौच्या कलाशाळेत शिकलेल्या आल्फ्रेड थॉमस यांची ख्रिस्तचरित्राची चित्रमाला १९४८ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. जे. जे.मध्ये शिकवणारे नामांकित गोवेकर चित्रकार आंतोनियो शाविएर त्रिंदाद हे युरोपीय पद्धतीतले पक्के वस्ताद. पण त्यांची मुलगी अँजेला वडिलांची वाट सोडून साडीतल्या मरियेकडे वळली, आणि पुढे तिने त्रिकोणांच्या रचनेतून आपली वेगळी शैली घडवली. कलकत्त्यात जामिनी रॉय ख्रिस्ती नसूनही पटचित्राच्या जाड रेषेत, मोठाल्या डोळ्यांचा ख्रिस्त पुन्हा पुन्हा रंगवत होते. १९३० ते १९५० ही वीस वर्षे या कलेची बहराची वर्षे म्हणता येतील.

फोन्सेकांच्या वाट्याला त्यातली शांतता आली, प्रसिद्धी नाही. त्यांचे लग्न उशिरा झाले. पत्नी आयव्ही हाच मग अनेक चित्रांतल्या मरियेचा चेहरा झाला. त्यांच्या चित्रांतला सुतार योसेफ पंचा नेसतो, मरिया भुईवर बसते, समई तेवत असते, देवदूत पंख मिरवण्यापेक्षा नमस्कार करतो. भारतात राहणाऱ्या माणसाने आपल्या देवाला आपल्या घरात पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

यात एक गोम आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. समई, कमळ, पद्मासन, अजिंठ्याची बोटे, ही कुणाची भारतीयता? नगर जिल्ह्यात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते बहुतांश महार-मांग समाजातले. ज्या देवळाच्या पायरीवर त्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्या देवळातलीच चिन्हे येशूच्या चित्रात पाहून त्यांना तो जवळचा वाटला असेल का? दलित ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे हा आक्षेप जोरात मांडला. फोन्सेकांची भारतीयता शांतिनिकेतनच्या चाळणीतून आलेली, उच्चवर्णीय आणि सौम्य होती. त्यांच्या ख्रिस्ताच्या अंगावर घाव फारसे दिसत नाहीत.

ते घाव दुसऱ्या एका गोवेकराच्या चित्रांत मिळतात. फ्रान्सिस न्यूटन सूझा १२ एप्रिल १९२४ रोजी साळगाव येथे जन्मला. बाप लवकर गेला. पोराला देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला: हा वाचला तर याला पाद्री करीन. पोरगा वाचला, ‘फ्रान्सिस’ हे नाव त्याला चिकटले, नवस मात्र फिटला नाही. आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवायची. सेंट झेवियर्स शाळेने संडासाच्या भिंतीवरच्या अश्लील चित्रांपायी सूझाला काढून टाकले. १९४५ साली ‘चले जाव’च्या चळवळीपायी जे. जे.नेही काढले. १९४७ साली रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांच्यासह त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्याचा बोलघेवडा पुढारी तोच. १९४९ साली मुंबईच्या प्रदर्शनातून त्याचे नग्न आत्मचित्र उतरवले गेले, पोलिसांनी घराची झडती घेतली. त्याच वर्षी तो लंडनला निघून गेला.

लंडनमध्ये काही वर्षे हलाखीत गेली. मग १९५५ साली ‘एन्काउंटर’ मासिकात त्याचा आत्मकथनपर लेख आला, गॅलरी वनमधले त्याचे प्रदर्शन गाजले आणि तो एकाएकी नावारूपाला आला. त्या लेखनात आणि १९५९च्या ‘वर्ड्स अँड लाइन्स’ या पुस्तकात तो गोव्याच्या चर्चकडे सारखा वळतो. देवाने त्याला धरून ठेवले नव्हते. त्याला भुरळ घातली होती ती झगमगत्या वस्त्रांतल्या पाद्र्यांनी, धुपाने, आणि क्रुसावर ठोकलेल्या त्या रक्तबंबाळ माणसाने. लहान मुलाला रोज पाहायला लावलेली ही आकृती त्याच्या डोक्यातून गेली नाही.

१९५५चे ‘मिस्टर सेबॅस्टियन’ पाहा. बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन हा युरोपीय चित्रकलेचा शतकानुशतकांचा लाडका विषय. देखणे, उघडे, यातना सोसतानाही लोभस शरीर. सूझाने त्याला कोट-टाय चढवला. अंग झाकलेले, म्हणून बाण चेहऱ्यात आणि मानेत. रोज सकाळी लोकल पकडणारा कारकून जणू हुतात्मा झाला आहे. ‘मिस्टर’ हा एक शब्द त्या संताला वेदीवरून खाली ओढतो.

१९५९चे ‘क्रुसारोहण’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. फळ्यावर तैलरंगात केलेले, सहा फूट उंच. ख्रिस्ताचे शरीर काळे. जाड, खरबरीत रेघांनी बांधलेले, झाडाच्या जळक्या फांद्या एकमेकींत खुपसाव्यात तसे. काटे डोक्यावरच्या मुकुटापुरते राहत नाहीत, सगळी आकृतीच काटेरी होते. दात विचकलेले. करुणा कुठेच नाही. दयाळू गोऱ्या येशूची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा शेजारी नको वाटेल, आणि सूझाला तेच हवे होते. फोन्सेकांनी ख्रिस्ताचा रंग बदलला तो त्याला आपल्या घरात बसवण्यासाठी. सूझाने बदलला तो तुम्हाला तुमच्या घरात अस्वस्थ करण्यासाठी.

सूझाला श्रद्धाळू म्हणायचे का? तो स्वतः असल्या प्रश्नावर हसला असता, किंवा शिवी दिली असती. पण ज्या माणसाला देव नकोच आहे तो आयुष्यभर क्रूस रंगवत बसत नाही. कलेच्या इतिहासकारांनी त्याच्या रागाला आधुनिक म्हटले, फोन्सेकांच्या भक्तीला जुनाट. ही वाटणी मला पटत नाही. सालाझारच्या गोव्यात मरियेला साडी नेसवणे हे लंडनच्या गॅलरीत पोपची खिल्ली उडवण्याहून कमी धाडसाचे नव्हते. लंडनमध्ये सूझाचे कौतुक झाले, चित्रे विकली गेली. फोन्सेकांना गाव सोडावे लागले. हे खरे, की सूझाची चित्रे भिंतीवरून झडप घालतात आणि फोन्सेकांच्या जलरंगांजवळ जावे लागते, थांबावे लागते. प्रदर्शनांच्या आणि लिलावांच्या जगात असल्या चित्रांचे हाल होतात.

१९६०च्या दशकात सगळेच चक्र फिरले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरची घटना संमत केली. कोणतीही एक कलाशैली चर्चने आपली म्हणून मानलेली नाही, सर्व लोकांच्या आणि देशांच्या कलेला इथे जागा आहे, असे तीत नि:संदिग्धपणे म्हटले आहे. त्याबरोबर लॅटिन प्रार्थना मागे पडून मराठी-कोंकणीतल्या प्रार्थनांना दार उघडले. १९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल जागतिक युखॅरिस्ट परिषदेसाठी मुंबईला आले. तीस वर्षांपूर्वी ज्याला पाखंड म्हटले गेले तेच आता धोरण झाले होते. बंगळूरला भारतीय पद्धतीच्या उपासनेसाठी राष्ट्रीय केंद्र १९६७ साली उभे राहिले.

त्याच १९६७च्या डिसेंबरात फोन्सेका पुण्यात वारले. ज्या दिवसांची त्यांनी वाट पाहिली ते सुरू होत होते, पण वेदीमागच्या भिंतींसाठी त्यांना बोलावणे धाडायला आता उशीर झाला होता. पुढच्या पिढीत बंगळूरचे ज्योती साही यांनी हा धागा आदिवासी आणि लोककलेकडे नेला. वर सांगितलेल्या आक्षेपाला चित्रांतून दिलेले ते उत्तरच होते. दिल्लीत कृष्ण खन्ना यांनी ख्रिस्ताच्या प्रसंगांत भोवतालच्या रस्त्यांवरचे मजूर बसवले. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून बायबलकडे माणसाची गोष्ट म्हणून पाहणारे भारतीय चित्रकार आता पुष्कळ आहेत.

फोन्सेकांची शेकडो चित्रे आयव्हींनी पुण्यात जिवापाड सांभाळली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. हे केंद्र जेझुइटांचे. म्हणजे साडीतली मरिया अखेर गोव्यात परतली ती चर्चच्याच एका संस्थेच्या हातून. तिथे अभ्यासक येतात, प्रदर्शने होतात, पुस्तके निघतात. पण गावोगावच्या चर्चांच्या मुख्य वेदीवर अजून गोरी मरियाच आहे, निळ्या झग्यातली.

सूझा १९६७ साली न्यूयॉर्कला गेला आणि २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारला. १९६२ साली त्याने आणखी एक ‘क्रुसारोहण’ रंगवले होते. ते इंग्लंडच्या मेथडिस्ट चर्चच्या आधुनिक कलासंग्रहात आहे, आणि हा संग्रह फिरता आहे: गावोगावची चर्चे आणि कॅथेड्रले तो मागवून घेतात आणि लोकांसाठी मांडतात. सूझाच्या आईचा नवस फिटला नाही हे खरे, पण मुलाचे चित्र इंग्लंडात चर्चोचर्ची फिरत असते.